अक्काचे मालक

"शिवम्माक्काचं घर हेच का हो?"

ईश्वरप्पा दारातच खुर्ची टाकून दाढी करत बसला होता. त्याच्या डोक्यावर, चौकटीला, त्याच्या नावाची पाटी होती. काळ्या फळीवर पांढऱ्या अक्षरांत 'ई. शि. माळगे, हजेरी कारकून' असं गिरणीतल्या पेंटरकडून त्यानं मोठ्या हौसेनं लिहून घेतलेलं होतं. समोर उभ्या राहिलेल्या बाईनं त्या पाटीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी तिला ती वाचता आली नसती, हे ईश्वरप्पाला कळत होतं, पण कळून राग कमी होतो असं थोडंच आहे.

"हेच," तो म्हणाला आणि वस्तरा हनुवटीला लागला.

"मग तुमी अक्काचे मालक व्हय?" असं म्हणून ती बाई पदर सावरत त्याच्या खुर्चीला वळसा घालून सरळ आत गेली.

हनुवटीवर तुरटी चोळत ईश्वरप्पा आरशात बघत राहिला. बाळीवेशीतल्या या बोळात तो पंधरा-वीस वर्षं राहत होता. आधी लोक 'कारकुनाचं घर कुठलं' म्हणून विचारत यायचे. कुणाला गिरणीच्या पतपेढीतून कर्ज काढायचं असे, कुणाला फंडाचा अर्ज लिहून हवा असे, कुणाला जामीन राहायला माणूस हवा असे. ईश्वरप्पा चष्मा चढवून अर्ज लिहायचा, व्याज समजावून सांगायचा, आणि समोरच्यानं 'तुमच्यासारखं ह्यातलं कळणारं माणूस न्हाई' असं एकदा म्हटलं की जामिनाची सहीसुद्धा स्वतःच ठोकून द्यायचा. त्यातला एक कर्जदार नोकरी सोडून भिवंडीला पळाला. त्याचे हप्ते ईश्वरप्पाच्या पगारातून कापले गेले. तेव्हा त्याच्या बायकोनं, शिवम्मानं, तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. घरात तुरीची डाळ यायची बंद झाली आणि रोज हुलग्याचं कालवण होऊ लागलं, इतकंच. ईश्वरप्पाला डाळीचा भाव माहीत नव्हता, त्यामुळे हुलगे का वाढले जातात हेही त्याला बरेच दिवस कळलं नाही.

आता मात्र घर शिवम्माचं झालं होतं, आणि गंमत अशी की त्याची सुरुवात त्यानं स्वतःच्या हातानं करून दिली होती.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि सरकारनं पोस्टातल्या बचतीसाठी बायकांना एजंट नेमायचं काढलं. घरोघर जाऊन महिन्याला पाच-दहा रुपये गोळा करायचे, कार्डावर लिहायचे, पोस्टात भरायचे. एजंटाला त्यावर थोडं कमिशन. एजंट बाईच हवी असा नियम होता. ईश्वरप्पानं मनाशी हिशेब केला की नाव बायकोचं, काम आपलं. कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या शिवम्माला त्यानं मराठीत सही करायला शिकवलं, अर्ज स्वतः भरला आणि पहिल्या महिन्यात कोट घालून तिला मागे घेऊन गल्लीगल्लीतून फिरला. संध्याकाळची वेळ, पुरुष घरी. ईश्वरप्पा व्याजाचा दर सांगे, पाच वर्षांनी किती होतील ते बोटांवर मोजून दाखवी. पुरुष माना डोलावत, चहा पाजत, 'बघू की पुढच्या पगाराला' म्हणत. बायका तेवढ्यात आत निघून जात. महिनाभर हिंडून दोन खाती झाली, त्यातलं एक त्याच्या साडूचं.

दुसऱ्या महिन्यात तो तापानं आडवा झाला. शिवम्मा एकटीच निघाली, तीही भर दुपारी. पहिल्या पाळीचे पुरुष गिरणीत, दुसऱ्या पाळीचे जेवून तिकडेच निघालेले. बायका दारात बसून ज्वारी निवडायच्या नाहीतर सुपात तंबाखू घेऊन विड्या वळायच्या. शिवम्मा त्यांच्याजवळ बसून सुपाला हात लावायची. व्याज तिनं कुणाला सांगितलंच नाही. ती एवढंच विचारायची, "घरात तुझं म्हणून काय हाय गं?" बाई विचारात पडायची. अंगावरचं लुगडं नवऱ्यानं आणलेलं, भांडी सासूची, डोरलं माहेरचं पण नवऱ्याच्या नावाचं. विचार करता करता ती उठायची आणि हळदीच्या डब्यातून, उशीच्या शिवणीतून, चुलीमागच्या कोनाड्यातून चुरगळलेली नोट काढून आणायची.

ते पैसे कुठून आले हे विचारायचं कारणच नव्हतं. विड्यांच्या मजुरीतून मागे राहिलेले, रेशनच्या सुट्ट्यातून उरलेले, माहेराहून येताना भावानं मुठीत दाबलेले. दुष्काळात रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढताना ज्या बायकांनी घर चालवलं होतं, त्यांना पैसा म्हणजे काय हे शिकवायची गरज नव्हती. पैसा ठेवायला जागा नव्हती, ती शिवम्मानं दिली.

आणि जागा म्हणजे शब्दशः जागा. नियमाप्रमाणे कार्ड जिचं तिच्याकडे राहायला हवं. पण घरी नेलं तर नवऱ्याच्या हाती लागणार, सासूच्या डोळ्यांवर येणार. म्हणून बायका कार्ड शिवम्माकडेच ठेवून जात. देवळीखालच्या ट्रंकेत ती कार्डं लुगड्याच्या घडीत राहू लागली. ट्रंकेची किल्ली शिवम्माच्या कमरेला आली. ईश्वरप्पाला त्या किल्लीचा भारी राग येई. त्याच्या स्वतःच्या घरात त्याला उघडता न येणारी एक वस्तू झाली होती.

मोठ्या पोस्टात एकदा चांगल्या एजंटांचा सत्कार झाला. शिवम्माला नारळ आणि स्टीलचा भलामोठा डबा मिळाला. साहेब म्हणाले, "यांचे यजमानही आले आहेत." ईश्वरप्पा इस्त्रीचा कोट सावरत उभा राहिला. दोन-चार टाळ्या वाजल्या, त्याही तो खाली बसायच्या आत थांबल्या. येताना शिवम्मा बायकांच्या घोळक्यात पुढे चालली होती, खिदळत होती, आणि मागे ईश्वरप्पा सायकल हातात धरून, हँडलला तो डबा अडकवून चालला होता. डबा सारखा चाकाला लागून वाजायचा. लोक वळून बघायचे.

त्या दिवसापासून त्याच्या पोटात जे जळू लागलं ते काही केल्या विझेना. सरळ म्हणावं तर तो बायकोवर जळत होता. असं जळणं त्याला ठाऊक नव्हतं. भावावर जळणं, शेजाऱ्यावर जळणं, बढती मिळालेल्या कारकुनावर जळणं, हे सगळं त्यानं रीतसर केलेलं होतं. पण बायकोवर जळायचं म्हणजे जळून सांगायचं कुणाला? ती त्याला काही कमी करत नव्हती. पगार तिच्या हातात दिला की आधी देवापुढे ठेवायची, गरम भाकरी वाढायची, अंघोळीचं पाणी काढून द्यायची. तक्रार करायला जागाच नव्हती आणि त्याचंच त्याला जास्त लागायचं.

सगळ्यात जास्त त्याला खुपायचं ते स्वयंपाकघरातलं बोलणं. बायका यायच्या, आत बसायच्या, हलक्या आवाजात बोलायच्या, मधेच हसायच्या. तो खोकला की आवाज बंद. पाणी मागायला आत गेला की सगळ्याजणी पदर ओढून भिंतीकडे बघायच्या. त्याच्याशी लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण शिवम्मा त्याच्याजवळ बसून कधी तशी हसली नव्हती. आपण तिला कधी हसवलं नाही, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही. मग तो ऐकू लागला. बाहेरच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून, कान दाराच्या फटीला लावून.

अशा ऐकण्यातूनच त्याला सोनाबाईची गोष्ट कळली. सोनाबाई ही मागच्या बोळातल्या कोंडीबाची बायको. कोंडीबा त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होता. ती नेहमी मागच्या दारानं यायची. मंगळवेढ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात तिची आई एकटी राहत होती. भाऊ नव्हता. घरावरचं माळवद खचलं होतं, एका अंगाला आभाळ दिसत होतं. म्हातारी पावसाळ्यात भांडी मांडून मधे बसून राहायची. सोनाबाई विड्यांच्या पैशातून आईच्या घरावर पत्रे घालण्यासाठी साठवत होती. साडेचार वर्षं उलटून गेली होती, आणखी थोडे महिने भरले की पत्र्यांपुरते आणि सुतारापुरते होणार होते.

कोंडीबाला यातलं काही माहीत नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता. बायकोवर हात टाकत नव्हता, दारू पीत नव्हता. पण पैसा त्याच्या हाती आला की तो चारचौघांत दिसला पाहिजे. तालमीला तेल, गड्ड्याच्या जत्रेत भावांच्या पोरांना पाळणे, गिरणीतल्या आपल्या खात्यातल्यांना भजी. भावाच्या लग्नाला त्यानं कर्ज काढून बँड आणला होता. सासूच्या घरावर पैसा घालणं मात्र त्याच्या लेखी पुरुषाला शोभणारं नव्हतं. लेक दिली, संबंध संपला, असं त्याचं म्हणणं.

पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारासमोर भज्यांच्या गाड्याला गर्दी उसळायची. त्या दिवशी कोंडीबानं ईश्वरप्पाला हाक मारून बाकावर बसवलं, भज्यांची बशी पुढे सारली. त्याच्या भोवती खात्यातले पाचसहाजण होते आणि कोंडीबा रंगात आला होता. तो थट्टा करायचा तर त्यात विष नसायचं, पण नेम बरोबर बसायचा.

"घ्या कारकूनसायेब. आज आमच्याकडून. तुमाला काय कमी म्हना, तुमच्या घरात पोष्टच हाय. अक्का कमावत्यात, तुमी सायकलवर डबा वाहता."

सगळे हसले. ईश्वरप्पाही हसला. हसल्याशिवाय चालत नाही अशा जागी माणूस जसा हसतो तसा.

कोंडीबा पुढे म्हणाला, "आमची आपली भोळी हाय. रुपया दिला तर बारा आनं परत आनून देती, हिशेब इचारला तर रडती. माझ्याबिगर तिचं पान हलत न्हाई. पन घर कसं, गड्याच्या हातात पायजे. काय?"

ईश्वरप्पानं त्याच्याकडे पाहिलं. तेल लागलेली बोटं मिशीला पुसत कोंडीबा बसला होता. घरी जाईल तेव्हा बायको पदर सावरून उभी राहणार, आणि त्याच्या घराला कुणी 'सोनाबाईचं घर' म्हणणार नाही. किती सुखी होता तो! ईश्वरप्पाला त्याचा इतका हेवा वाटला की त्यानं भज्यांची बशी दूर सारली. आपल्याला नाही ते याला का असावं? आणि याला आहे असं वाटतं तेही खरं नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या घरातल्या भिंतीआड या माणसाची सगळी मिशी उतरवून ठेवलेली आहे.

"कोंडीबा," तो शांतपणे म्हणाला, "तुझी भोळी बायको तुझ्यापेक्षा शहाणी हाय. पोष्टात पैसा हाय तिचा. सासूच्या घरावर पत्रे कधी चढवायचे ते इचार तिला, म्हणजे तुला बी समजंल."

हशा थांबला. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि या वेळचं हसणं कोंडीबाच्या वाट्याचं होतं. कोंडीबाचा चेहरा लहान मुलासारखा झाला. ईश्वरप्पा उठला, आपल्या भज्यांचे पैसे स्वतः देऊन सायकलवर बसला. बाळीवेशीपर्यंत त्याचं मन अगदी हलकं होतं. बोळाच्या तोंडाशी मात्र तो सायकलवरून उतरला. आपण काय बोललो हे त्याला तिथं कळलं.

घरी शिवम्मानं पगार देवापुढे ठेवला, ताट वाढलं. त्यानं तिला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ती त्याच पावली सोनाबाईला गाठून सावध करू शकली असती. तो भाकरी मोडत राहिला आणि आज पेपरात काय आलंय ते सांगत राहिला. इतकं बोलताना पाहून शिवम्मालाच नवल वाटलं.

दोन दिवसांनी कोंडीबा सोनाबाईला घेऊन पुढच्या दारानं आला. आवाज चढवला नाही. शिवम्माला अक्का म्हणूनच हाक मारली आणि सोनाबाईचं कार्ड नि पोस्टाचं पासबुक मागितलं. शिवम्मा म्हणाली, खातं तिच्या नावावर आहे, मुदत व्हायची आहे, आता मोडलं तर व्याज जाईल, थोडे महिने थांबा. कोंडीबा म्हणाला, "नाव कुणाचं बी असू द्या. बायकू माझी हाय न्हवं? मग पैसा घरचाच की." सोनाबाई खाली बघून उभी होती. तिचे डोळे कोरडे होते. "द्या अक्का," ती एवढंच म्हणाली.

खातं मोडायला सोनाबाईचा अंगठा लागणार होता आणि तो तिचाच आहे म्हणून साक्षीला एजंटाची सही. शिवम्माला बरोबर जावं लागलं. ईश्वरप्पानं गिरवून गिरवून शिकवलेली ती सही तिनं सोनाबाईच्या निळ्या अंगठ्याशेजारी केली. पोस्टातला कारकून ओळखीचा, तो म्हणाला, "काय अक्का, खाती उघडायची सोडून मोडायला लागलात?" तिनं सही केलेला कागद खिडकीतून आत सरकवला. कोंडीबाला कुठून कळलं, हे मात्र तिला त्या दिवशीही उमगलं नव्हतं. वाटेत सोनाबाईला ती तेच विचारत होती आणि सोनाबाई मान हलवत होती.

ते उलगडून सांगायला कोंडीबा स्वतःच आला. सकाळची वेळ होती, बोळातल्या नळावर बायकांची रांग लागली होती. मनगटावर नवंकोरं घड्याळ. ज्या गावात गिरणीचा भोंगा तान्ह्या पोरांनाही वेळ सांगतो, त्या गावात साच्यावरच्या माणसानं घड्याळ घेतलं होतं. उरलेल्या पैशांतून सगळ्या खात्याला मटणाचं जेवण घालणार होता. भज्यांच्या गाड्यासमोर गेलेली पत त्याला तेवढ्यानं परत मिळाली होती, आणि म्हणून त्याच्या मनात कुणाबद्दल राग उरला नव्हता. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"कारकूनसायेब, तोंड गोड करा," तो सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं म्हणाला. "तुमी न्हाई सांगितलं असतं तर मला मेल्यावर बी कळलं नसतं. अशी मानसं पायजेत. लई उपकार झालं तुमचं."

नळावरच्या बायका वळून बघू लागल्या. त्यातल्या चंद्रव्वाची घागर भरून वाहत होती तरी तिला उचलायचं सुचत नव्हतं. ईश्वरप्पाला चारचौघांत आपलं नाव व्हावं असं किती दिवस वाटत होतं! ते आज झालं. कोंडीबानं त्याच्या हातात पेढा ठेवला. तो खावा की टाकावा हे न कळून त्यानं तो मुठीतच धरला. दारात शिवम्मा उभी होती. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली.

तो मागोमाग आत गेला. ती चुलीपुढे बसली होती, चूल पेटलेली नव्हती. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"माझं तुमाला खुपत हुतं ते मला दिसत हुतं," ती म्हणाली. "मला बोलायचं की मग. किल्ली काढून घ्यायची, पेटी बाहेर फेकायची. मी ऐकलं असतं. तिनं काय केलतं तुमचं? तिच्या आईच्या डोसक्यावरचे पत्रे काढलेत तुमी."

तो दाराला टेकून उभा राहिला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीसुद्धा त्याच्या मनात आलं ते असं की, हिला सोनाबाईचं दुःख दिसतं, माझं दिसत नाही. एवढं झाल्यावरही हे मनात आलं, याची त्याला लाज वाटली. त्यानं मूठ उघडून पेढा कोनाड्यात ठेवला आणि गिरणीत निघून गेला.

बायका त्या आठवड्यापासून आपापली कार्डं परत न्यायला येऊ लागल्या. एकदम नाही, एकेक करून, सवडीनं. बनाबाई म्हणाली, कार्ड लेकीकडं ठेवते म्हणते. चंद्रव्वाचा चुलतभाऊ म्हणे पोस्टात लागला होता, तोच आता बघणार होता. कुणी भांडलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. शिवम्मा ट्रंक उघडायची, लुगड्याच्या घडीतून कार्ड काढायची, पुसून हातात द्यायची. खरं ते फक्त पार्वतम्मा बोलली. शेजारची म्हातारी ती, तिला कुणाची भीड नव्हती. "तुझ्यावर भरवसा हाय गं पोरी," ती म्हणाली. "तुझ्या घरावर न्हाई." ईश्वरप्पा बाहेरच्या खोलीत धोतराच्या निऱ्या करत होता. त्यानं सोडून पुन्हा निऱ्या घातल्या, पुन्हा सोडल्या. म्हातारीनं आवाज जरादेखील खाली आणला नव्हता.

ट्रंक रिकामी झाली. शिवम्मानं किल्ली कमरेची काढून खिळ्याला लावली. आता ती दुपारी घरी असायची. ईश्वरप्पा पाळी संपवून यायचा तेव्हा ती उंबऱ्यात बसलेली असायची. शिवम्माचं घर कुठलं म्हणून विचारत कुणी येत नव्हतं. त्याला जे हवं होतं ते सगळं जसंच्या तसं मिळालं होतं. पण पूर्वीसारखं कारकुनाचं घर कुठलं म्हणूनही कोणी विचारत येईना. गिरणीत लोक अर्ज लिहून घ्यायला दुसऱ्या कारकुनाकडे जाऊ लागले. ज्याच्या तोंडात बायांची गोष्ट टिकत नाही त्याच्या तोंडात आपली काय टिकणार, असा त्यांचा साधा हिशेब होता. कोंडीबा तेवढा दिसेल तिथं हात करायचा आणि मनगट वर करून वेळ सांगायचा.

ईश्वरप्पा घरात बोलायचा प्रयत्न करी. एका पगाराच्या दिवशी त्यानं बाजारातून तुरीची डाळ आणली, आयुष्यात पहिल्यांदाच. दुकानदारानं चांगलंच फसवलं होतं. शिवम्मानं डाळ मुठीत घेऊन पाहिली, भाव विचारला आणि डब्यात ओतून ठेवली. एरवी ती हसली असती. सोनाबाईच्या आईचं त्यानं एकदाच विचारलं. ती म्हणाली, पावसाळाभर शेजाऱ्यांच्या गोठ्यात झोपली म्हातारी, आता भिंतही गेली एका बाजूची.

दिवाळी होऊन गेली होती. गिरणीची सुट्टी होती, ऊन चढलेलं होतं. ईश्वरप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता, या वेळी खरोखरच वाचत होता. दारात सावली आली म्हणून त्यानं वर पाहिलं. सोनाबाई होती. पुढच्या दारानं आली होती. वाळली होती, बोटं तंबाखूनं पिवळी पडली होती.

"या, बसा," तो म्हणाला.

ती बसली नाही. आतून शिवम्मा पिठाचे हात घेऊन आली आणि सोनाबाईला पाहून जागच्या जागी थांबली. तिनं पिठाचे हात लुगड्याला पुसले. सोनाबाईच्या डाव्या मुठीत पदराला मारलेली गाठ घट्ट धरलेली होती. ती शिवम्माकडे बघत होती आणि शिवम्मा तिच्याकडे. आपल्याकडे कुणीच बघत नाही हे ईश्वरप्पाला दिसलं. पूर्वी याच गोष्टीनं त्याच्या अंगाचा तिळपापड झाला असता. त्या दोघी वाट बघत होत्या. जा, असं त्याला कुणी म्हणणार नव्हतं. घर त्याचं होतं, दारावर पाटी त्याची होती, आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या पुरुषाला बाहेर जा म्हणण्याची रीत त्यांच्यात नव्हती.

त्यानं पेपराची घडी घातली. खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवली. चपला पायात सरकवून, सोनाबाईच्या अंगावरून जाताना अंग चोरून, तो बाहेर पडला. मागं दार लावल्याचा आवाज आला. कडी आतून घातली गेली.

तो पार्वतम्माच्या कट्ट्यावर जाऊन बसला. समोरून सिद्रामप्पा किराणावाला पान चघळत येत होता. त्याला नवल वाटलं.

"उन्हात का बसलाय कारकून?"

"आत बायका आल्यात."

"मग? घर तुमचंच की."

"व्हय," ईश्वरप्पा म्हणाला.

सिद्रामप्पा मान हलवत पुढे गेला. ईश्वरप्पा कट्ट्यावर सावलीकडे सरकला. मग आत दोघींपैकी कुणीतरी हसलं, आणि पाठोपाठ दुसरी हसली. शिवम्माचं हसू त्यानं ओळखलं. किती महिन्यांनी ऐकत होता तो. कशाला हसल्या असतील? नेहमीच्या सवयीनं त्याची मान दाराकडे वळली आणि कान टवकारले गेले.

तो उठला. टोपी नीट केली आणि बोळाच्या पार टोकाला, जिथून काही ऐकू येणार नाही अशा एका परक्या पायरीवर जाऊन बसला.